तुरीच्या घरातील फिरस्ते

सीमेवरच्या मराठी घराण्यांना एक प्रश्न जन्मभर पुरतो : “तुमचे मूळ गाव कोणते?” सोयरीक जुळवताना तो येतो, पुण्यामुंबईच्या पाहुण्यांच्या तोंडून येतो आणि कधी आपल्याच तालुक्याच्या कचेरीतही येतो. आम्ही मेहकर म्हणून सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर उभे राहते. मग आमचे मेहकर बीदर जिल्ह्यातले, भालकी तालुक्यातले, असा खुलासा करावा लागतो, आणि खुलासा झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “ते झाले, पण त्याच्याआधीचे?” आमच्या घरात सांगतात त्याप्रमाणे सहा पिढ्यांपूर्वी आमचा एक पूर्वज भीमाकाठाहून निजामाच्या मुलखात आला आणि इथलाच झाला. भीमाकाठचे ते गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात गेली. आमचे घर जागचे हलले नाही. सीमा मात्र आमच्या शिवाराजवळ येऊन बसली. तेव्हापासून मूळचे कोण आणि मागाहून आलेले कोण, या हिशेबात आमची गणती कधी इकडे तर कधी तिकडे होत आली आहे.

हाच हिशेब शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या पेशींतही मांडून पाहिला आहे आणि त्याचे उत्तर मोठे विलक्षण आले आहे. विषय शास्त्रीय असला तरी त्याचे उदाहरण आपल्या शिवारातले, रोजच्या वरणातले आहे : तूर. आमच्या घरी तुरीचे एक जुने गावरान वाण पिढ्यानपिढ्या राखलेले आहे. ते पुढे पेरावे की सोडून द्यावे, असा वाद गेली काही वर्षे घरात चालू आहे. त्या वादाच्या निमित्ताने आमच्या वाचनात जे आले, ते येथे मांडतो.

बीदरहून हैदराबादला जाणारी आपली माणसे जहीराबाद, संगारेड्डी ओलांडून पटणचेरूवरून पुढे जातात. तेथे ‘इक्रिसॅट’ या संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली स्थापन झाली. राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली तेथील आणि देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली तुरीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या नागेंद्र कुमार सिंह यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका गटानेही आपला आराखडा प्रसिद्ध केला. दोघांनीही ‘आशा’ हे आपल्या भागात माहीत असलेले वाणच त्यासाठी निवडले होते.

जनुकसंच म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांब धागे असतात. त्यांनाच गुणसूत्रे म्हणतात. या धाग्यांवर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुरात जेथे एखादे प्रथिन घडविण्याची आज्ञा असते, त्या परिच्छेदाला जनुक म्हणावे. तुरीचा हा मजकूर सुमारे ८३ कोटी अक्षरांचा आहे. एका पानावर दोन हजार अक्षरे आणि एका ग्रंथात चारशे पाने धरली, तर हजाराहून अधिक ग्रंथ भरतील. आता सामान्य वाचकाला वाटेल की एवढे ग्रंथ म्हणजे एवढ्या आज्ञा. तसे नाही. इक्रिसॅटच्या गटाला तुरीत ४८,६८० जनुके असल्याचे अनुमान काढता आले. त्यांनी व्यापलेली जागा एकूण मजकुराच्या मानाने थोडी. सुमारे ६० कोटी अक्षरांचा मजकूर त्यांना सलग जुळवता आला. त्यातील निम्म्याहून किंचित अधिक मजकूर पुनरुक्तीचा निघाला : तीच ती वाक्ये, थोड्याफार फरकाने, ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा आलेली. दिल्लीच्या गटानेही ४७,००४ प्रथिन घडविणारी जनुके मोजली आणि त्यांखेरीज १२,५११ जनुके अशी वेगळी काढली, की जी तुरीची कामे करीत नसून या पुनरुक्तीच्या मजकुराशी संबंधित आहेत.

ही पुनरुक्ती आली कोठून? तिचा फार मोठा भाग एका विशेष जातीच्या डीएनए-तुकड्यांचा आहे. शास्त्रात त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. आम्ही त्यांना फिरस्ते म्हणू. हे तुकडे जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतात. त्यांच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेचा फिरस्ता आपले बिऱ्हाड उचलतो आणि दुसरीकडे मांडतो. जुनी जागा रिकामी होते. दुसऱ्या तऱ्हेचा फिरस्ता जागा सोडत नाही. तो आपली नक्कल करवून घेतो आणि ती नक्कल नव्या जागी वसते. पहिल्या तऱ्हेने घराचा आकार फारसा वाढत नाही. दुसऱ्या तऱ्हेने मात्र एकाचे दोन, दोनाचे चार, असे करता करता हजारो होतात. वनस्पतींच्या जनुकसंचांत आकाराचा जो प्रचंड फरक दिसतो, त्याचे एक मुख्य कारण ही दुसरी तऱ्हा आहे.

या फिरस्त्यांचा शोध मक्याच्या कणसात लागला. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषी १९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मक्याचा अभ्यास करीत होत्या. काही कणसांत दाणे एकरंगी न निघता ठिपक्याठिपक्यांचे निघत. गुणसूत्रावरील एक तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना तो तुकडा काही पेशींतून निघून गेला की त्या पेशींच्या वंशात रंग परततो आणि ठिपका उमटतो, असे त्यांनी दाखवून दिले. जनुके म्हणजे माळेतील मणी, आपापल्या जागी कायमची ओवलेली, अशी तेव्हाची समजूत होती. १९५१ सालच्या परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले तेव्हा त्यांचे फारसे स्वागत झाले नाही. पुढे जीवाणूंत, माशांत, माणसांतही असे फिरते तुकडे सापडत गेले, आणि १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांना एकटीला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मक्याच्या सुमारे २३० कोटी अक्षरांपैकी ८५ टक्के मजकूर या फिरस्त्यांचा आहे, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आराखड्यावरून कळते. मक्याच्या घरात मूळचे रहिवासी अल्पसंख्य आहेत.

आपल्या भागातील वाचकांना हा फरक समजून घ्यायला येळवसेचा नैवेद्य पुरेसा आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-उस्मानाबादेपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत सारा मुलूख शेतात जेवतो. कडब्याची खोप उभी राहते, पांडव मांडले जातात, आंबील आणि भज्जी होते. भज्जीत ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, भुईमुगाच्या शेंगा, कांद्याची पात, लसूण, जे जे शिवारात असेल ते पडते. उंडे आणि आंबील ज्वारीची, खीर गव्हाची. त्या एका पंक्तीत जनुकसंचांचे केवढाले फरक मांडलेले असतात पाहा. ज्वारीचा संच सुमारे ७३ कोटी अक्षरांचा, हरभऱ्याचा ७४ कोटींचा, तुरीचा ८३ कोटींचा. ही तिघे जवळजवळ सारखी. भुईमूग २७० कोटींच्या घरात जातो. कांदा आणि गहू प्रत्येकी सुमारे १,६०० कोटींचे. खाणाऱ्या माणसाचा स्वतःचा संच ३१० कोटी अक्षरांचा. म्हणजे पानातल्या कांद्याच्या फोडीत, पेशीला पेशी लावून पाहिली, तर खाणाऱ्याच्या पाचपट मजकूर आहे.

येथे एक भेद केला पाहिजे. भुईमूग आणि गहू यांचा आकार वाढण्यात संच एकत्र येण्याचा मोठा वाटा आहे. भुईमुगात दोन रानटी पूर्वजांचे संच एकत्र नांदतात, गव्हात तीन गवतांचे. जणू वेगवेगळी घरे एका वाड्यात राहायला आली. कांद्याचे तसे नाही. हरभऱ्याला गुणसूत्रांच्या ८ जोड्या आहेत आणि कांद्यालाही ८च. संच एकत्र आलेले नाहीत, जोड्या वाढलेल्या नाहीत; आणि तरी कांद्याचा मजकूर हरभऱ्याच्या वीसपटींहून अधिक आहे. ही भर आतून पडलेली आहे, नक्कल करीत वसत गेलेल्या फिरस्त्यांची. कांदा हरभऱ्यापेक्षा वीसपट हुशार नाही, वीसपट कामाचाही नाही. आकारावरून कर्तृत्व ठरत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना १९५०च्या सुमारासच जाणवू लागली होती आणि तिने पुढे त्यांना बरीच वर्षे कोड्यात टाकले होते. फिरस्त्यांची गणती झाली तेव्हा ते कोडे पुष्कळसे सुटले.

कापसाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठवाड्यात पूर्वी घरोघर असलेला देशी, गावरान कापूस आणि दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा एक रानकापूस, दोघांच्याही गुणसूत्रांच्या जोड्या १३. दोघांची जनुकेही सुमारे ४० हजारांच्या आसपास. पण आपल्या देशी कापसाचा संच त्या रानकापसाच्या सुमारे दुप्पट आहे. एकाच पूर्वजाचे हे दोन वंश लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. एकाच्या घरी फिरस्ते वाढत गेले, दुसऱ्याच्या घरी ते आटोक्यात राहिले. संसार दोघांचाही चालला. दोघांच्याही बोंडांतून सरकी येते आणि ती रुजते.

टोकाची उदाहरणेही पाहण्यासारखी आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपदात जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यातील ‘सीतेची आसवे’ ही इवली वनस्पती सूक्ष्म किडे पकडून खाते. तिच्याच प्रजातीतील, पाण्यात वाढणाऱ्या एका भगिनीचा संच २०१३ साली वाचण्यात आला. तो अवघा ८ कोटी २० लाख अक्षरांचा निघाला. जनुके मात्र २८,५००! माणसाच्याहूनही काही अधिक. तिने फिरस्त्यांना जवळजवळ सर्वांना घराबाहेर काढले होते. जनुकांमधली मोकळी जागासुद्धा आखडून घेतली होती. दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर नेच्याच्या वर्गातली एक लहानशी वनस्पती आहे. २०२४ साली तिचा संच मोजला गेला. तो १६ हजार कोटी अक्षरांचा भरला, माणसाच्या पन्नासपट. वीतभर उंचीची ही वनस्पती आजवर मोजलेल्या सर्व सजीवांत सर्वांत मोठे पोथीघर बाळगून आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. घर वाढते तसे ते आक्रसतेही. फिरस्ते नकला करतात, तर पेशीतील डीएनएच्या जुळणीत होणाऱ्या चुकांनी तुकडे गळूनही पडतात. आज दिसतो तो आकार म्हणजे आवक आणि जावक यांचा शिल्लक-ताळेबंद. आणि मोठे घर फुकट मिळत नाही. प्रत्येक पेशी दुभागताना हे सगळे पोथीघर पुन्हा लिहून काढावे लागते, त्याला वेळ लागतो, नत्र आणि स्फुरद लागते. पेशीही आकाराने मोठ्या होतात. मोठ्या संचाच्या वनस्पतींत झपाट्याने वाढून बी टाकणारी तणे क्वचितच आढळतात. कंदावर जगणाऱ्या, संथ चालीच्या वनस्पती मात्र त्यांच्यात पुष्कळ आहेत.

मग हे फिरस्ते म्हणजे नुसती अडगळ काय? एके काळी शास्त्रज्ञांनी त्यांना जवळजवळ याच नावाने हाक मारली. १९८० साली काही नामांकित शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की हे तुकडे घरमालकाच्या उपयोगासाठी नाहीत, स्वतःच्या प्रसारासाठीच आहेत. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. बहुतेक फिरस्ते आज मोडके, मुके होऊन पडलेले आहेत. जे धडधाकट आहेत, त्यांच्यावर वनस्पती रासायनिक खुणा करून त्यांना निजवून ठेवतात. हा पहारा सुटला तर ते जनुकांत घुसून नासधूस करू शकतात. अतिउष्णतेसारखे संकट आले की काही जण जागेही होतात. मोहरीच्या कुळातील एका छोट्या वनस्पतीत असा एक फिरस्ता आहे. जपानी शास्त्रज्ञांनी त्याला ‘ओन्सेन’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा असे नाव दिले आहे. एरवी तो निजलेला असतो, ताप चढला की उठतो.

परंतु सगळाच हिशेब नासधुशीचा नाही. सोलापूर, सांगली, नाशिककडची आणि आपल्या विजापूरची हिरवी द्राक्षे आपण आवडीने खातो, त्यांचे बेदाणे करतो. द्राक्षाचा मूळ रंग काळा-जांभळा. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की एक फिरस्ता रंगाच्या जनुकाशेजारी येऊन बसल्यामुळे तो रंग बंद पडला आणि हिरवे द्राक्ष जन्माला आले. मेंडेलने १८६६ साली ज्या वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्यांतील सुरकुतलेला वाटाणाही असाच. स्टार्च घडविण्याच्या कामातील एका जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा, फिरस्त्यासारखा तुकडा घुसल्यामुळे तो सुरकुततो, हे १९९० साली उघड झाले. म्हणजे आनुवंशिकतेच्या शास्त्राच्या पायाच्या दगडांतील एक दगड फिरस्त्याने आणून ठेवलेला होता. असे उपयोगी पडणारे फिरस्ते लाखांत थोडे. पण ते थोडे कोणते, हे आधी ओळखता येत नाही. ते वसल्यावर, कित्येक पिढ्यांनंतर, काळाला ठरवू द्यावे लागते.

आता तुरीकडे परत येऊ. तूर आपल्या भागाची ओळख झाली आहे. ‘गुलबर्गा तूर डाळी’ला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी तूरही इथली आदिवासी नव्हे. तिचा सर्वांत जवळचा रानटी नातलग बस्तर-ओडिशाकडच्या डोंगरांत आढळतो. तिकडून ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वा त्याआधी दख्खनेत उतरली असावी. पंक्तीतील बाकीच्यांचेही तेच. ज्वारी आफ्रिकेतून आली, हरभरा आणि गहू पश्चिम आशियातून, भुईमूग दक्षिण अमेरिकेतून. आमच्या मातीत मूळचा कोण, असे विचारू लागलो तर येळवसेच्या दिवशी पाने रिकामीच राहतील. सणाचे नावसुद्धा कानडीचा हात धरून आले आहे, आणि आम्ही ज्या वडीलधाऱ्यांना अण्णा, अप्पा, अक्का म्हणतो त्या हाकाही तिकडच्याच. त्या काढून टाकल्या तर आमची मराठी शुद्ध होणार नाही, मुकी होईल.

तुरीचा मोठा शत्रू म्हणजे मर रोग. कानडी शेजारी त्याला नेटे रोग म्हणतात. जमिनीतील बुरशी मुळांतून शिरते आणि ऐन फुलांत-शेंगांत आलेले झाड उभ्याउभ्या वाळते. १९८०च्या दशकाच्या मध्यास इक्रिसॅटच्या संग्रहातील जुन्या बियाण्यातून निवडलेले मरप्रतिकारक ‘मारुती’ वाण उत्तर कर्नाटकात आले आणि झपाट्याने पसरले. १९९३ साली आलेल्या ‘आशा’ने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड दिले. मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्राची वाणे आली, कलबुर्गीच्या केंद्राने आपली वाणे दिली. या सगळ्यांचे ऋण आमच्या कोठारांवर आहे. तरीही २०२२च्या खरिपात कलबुर्गी आणि आसपासच्या जिल्ह्यांत मर रोगाने हाहाकार केला. आमच्याही रानात, बाजारातून आणलेल्या बियाण्याच्या पट्ट्यात, तुराट्याच उरल्या.

घरातील वादाला तेथून धार आली. आमचे जुने गावरान वाण त्या वर्षी पुरते वाचले असे नाही. परंतु नव्या पट्ट्याइतके बसलेही नाही. उत्पन्न तसे त्याचे कमी. ते उशिरा पिकते, झाड पुरुषभर वाढते, दाणा बारीक आणि काही दाण्यांवर तपकिरी शिंतोडे. गिरणीवाला त्याला भाव कमी देतो. आमच्या थोरल्या काकू ते राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवतात. त्यांच्या सासूबाईंनीही असेच ठेवले होते. पुतण्या शेतीचे शिक्षण घेऊन आलेला. त्याचे म्हणणे सरळ होते : “काकू, सात एकर आता चौघांत वाटली गेली. दोन पट्टे कमी उत्पन्नाच्या तुरीला द्यायचे कशाच्या बळावर?” काकूंचे उत्तर ठरलेले : “पूर्वजांनी भीमाकाठाहून आणलेले वाण आहे. ते आपल्या हाताने संपवायचे?”

यावर पुतण्याने जो मुद्दा काढला तो आम्हांला महत्त्वाचा वाटला. तो म्हणाला, “हे भीमाकाठचे वाण उरले आहे तरी का? तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या रानातली मारुती, आशा, बदनापूरची तूर, सगळ्यांचे पराग इतकी वर्षे यात मिसळत आले असतील. ज्याला तुम्ही जुने म्हणता, ते केव्हाच बदलले.” हे खरे आहे. भात-गव्हासारखी तूर आपल्याच परागावर सहसा थांबत नाही. मधमाश्यांच्या पायांनी तिचा परसंकर बराच होतो. काकू गप्प झाल्या. शुद्ध म्हणून जे राखले, ते शुद्ध नसेल, हा विचार सोपा नाही. सीमेवरच्या घराण्यांना तर नाहीच.

आम्हांला मात्र वाटते की याच कारणासाठी ते वाण राखण्याजोगे आहे. शास्त्रज्ञांनी प्रथम जी ८३ कोटी अक्षरांची पोथी वाचली, ती एका ‘आशा’ वाणाची. पुढे २०१७ साली तुरीच्या २९२ वाणांचे आणि रानटी नातलगांचे संच एकमेकांशी ताडून पाहण्यात आले. सुधारित वाणांत आपापसांत असलेली विविधता थोडी, आणि शेतकऱ्यांकडील जुन्या वाणांत व रानटी तुरींत ती अधिक, असे त्यातून दिसले. कोणत्या घरात कोणता तुकडा कोठे वसला, कोणते जनुक जागे राहिले आणि कोणते निजले, या लहानमोठ्या फरकांतूनच उद्याच्या मर रोगाला उत्तर मिळायचे असते. ‘मारुती’ अशाच जुन्या बियाण्यातून निघाले होते. आमच्या गाडग्यातील तुरीत भीमाकाठचे किती, मेहकरचे किती आणि शेजाऱ्याच्या बांधावरून आलेले किती, याची वाटणी करता येणार नाही. परंतु हा मेळ याच मातीत, याच पावसात, याच बुरशीशी झुंजत जमला. तसा तो दुसरीकडे कोठेही जमलेला नाही.

वनस्पतींच्या पेशीवरून माणसांच्या वस्तीचे धडे गिरवण्यात धोका आहे, याची आम्हांला जाणीव आहे. डीएनएच्या तुकड्याला इच्छा नसते, स्मरण नसते, पाहुणचाराचा धर्म नसतो. माणसाला तो असतो. कोणी कोणाला अडगळ म्हणावे की आपले म्हणावे, हे कोणतेही शास्त्र ठरवून देणार नाही. ते गावाने ठरवायचे असते. शास्त्र इतकेच सांगते की ‘आधी कोण होते’ या एका प्रश्नावर कोणत्याही जिवंत घराची मांडणी होत नाही. तुरीच्या घरातून मागाहून आलेले सगळे काढू म्हटले तर निम्मे घर जाईल, मक्याचे जवळजवळ सगळेच. आणि जे उरेल त्याला कोणी तूर किंवा मका म्हणणार नाही.

घरात शेवटी मध्यम मार्ग निघाला. दोन पट्ट्यांऐवजी विहिरीजवळच्या तुकड्यात तीन तास जुन्या तुरीचे. बाकी सगळे रान पुतण्याच्या पसंतीच्या वाणाला. चार निरोगी झाडांवर फुले येण्याआधी मच्छरदाणीचे कापड बांधायचे, म्हणजे मधमाश्या लागणार नाहीत आणि तेवढे बी तरी आपल्यापुरते राहील. उरलेली झाडे मधमाश्यांना मोकळी. पहिल्या वर्षी काकूंनी कापड बांधण्यास नाराजी दाखवली. झाडाला कोंडून ठेवणे त्यांना रुचेना. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच बांधले, आणि दोन्हीकडचे बी वेगळ्या गाडग्यांत भरले.

पुतण्याने त्यातले मूठभर बी पटणचेरूच्या जनुकपेढीकडे पाठवण्याविषयी विचारणा करायचे ठरवले आहे. तेथे तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने थंड खोल्यांत जपलेले आहेत. पाकिटावर लावायची चिठ्ठी त्याने लिहून ठेवली आहे. वाणाचे नाव म्हणून त्याने ‘गावरान तूर’ एवढेच लिहिले आणि ठिकाण म्हणून मेहकर, ता. भालकी, जि. बीदर. भीमाकाठचा उल्लेख करावा की नाही, असे त्याने काकूंना विचारले. काकू दाणे पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, “जिथे पिकले ते लिही.” आणि सुपातले खडे वेचू लागल्या.